चूल गेली, धूर गेला का?

आयुष्यात बिडी-सिगारेटला हात न लावलेली साठीची बाई धाप लागते म्हणून येते. सकाळी खोकला, चढणीवर दम, पावसाळ्यात त्रास जास्त. कोकणातल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत हे चित्र नवे नाही. घरचे लोक याला ‘दमा’ म्हणतात. प्रत्यक्षात तो अनेकदा सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार असतो. ‘चूल किती वर्षे फुंकलीत?’ असे विचारले की कारणाचा धागा सापडतो.

हा धागा पक्का करायला अनेक देशांतील संशोधक एकत्र आले. अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणारा धूर मोजला. २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक साधा हिशेब मांडला. जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूड-शेणीच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. म्हणजे सीओपीडीचे जगातले सर्वांत मोठे कारण तंबाखू नव्हे, चुलीचा धूर असू शकेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील प्रदूषणामुळे २०२० या एका वर्षात ३२ लाख लोक दगावले.

मग गॅस दिला की प्रश्न सुटला? हे तपासण्यासाठी भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत ‘हापिन’ हा मोठा अभ्यास झाला. भारतातील काम तमिळनाडूत झाले. ३,२०० गर्भवतींपैकी निम्म्यांना शेगडी आणि सिलिंडर मोफत मिळाले. त्यांच्या श्वासातील सूक्ष्म धूलिकण (पीएम २.५) घनमीटरला साधारण २४ मायक्रोग्रॅमवर आले, चूल वापरणाऱ्यांमध्ये ते ७० होते. तरीही २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निकालांत बाळांच्या जन्मवजनात म्हणावा तसा फरक दिसला नाही.

याचा अर्थ गॅस निरुपयोगी, असा नाही. जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा फक्त ५ मायक्रोग्रॅम आहे. २४ हा आकडाही तिच्या जवळपास पाचपट आहे. शिवाय गॅस मिळाला तो गरोदरपण सुरू झाल्यावर, आणि शेजारची चूल पेटतीच असेल तर तिचा धूर कुंपण ओळखत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस घरोघरी पोचला, पण चूल विझली नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने कॅलिफोर्नियाच्या संशोधकांसह ग्रामीण महाराष्ट्रातील गर्भवतींबरोबर काम केले, तेही याच प्रश्नावर: गॅस असूनही चूल सुटत का नाही? कोकणात उत्तर डोळ्यांसमोर आहे. सिलिंडर महाग, लाकूड, करवंट्या, सोडणे परसातच. चहा गॅसवर, आंघोळीचे पाणी चुलीवर. त्यात पावसाळ्यात लाकडे ओली आणि खिडक्या बंद.

म्हणून काही गोष्टी आजच करता येतील. पाणी तापवायची चूल घराबाहेर, उघड्या बाजूला हलवा. लाकडे मे महिन्यातच वाळवून झाकून ठेवा. चूल पेटलेली असताना गर्भवती आणि तान्ही बाळे तिच्यापासून लांब हवीत. डासांची कॉइल बंद खोलीत लावू नका, मच्छरदाणी वापरा; चीन आणि मलेशियातील कॉइलवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचे आढळले होते. गॅसवर स्वयंपाक करतानाही खिडकी उघडी हवी.

आणि घरातल्या आई-आजीचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर ‘वयाचा आहे’ म्हणून सोडू नका. थुंकीची तपासणी करून क्षयरोग नाही याची खात्री करा आणि डॉक्टरांना स्पायरोमेट्रीबद्दल विचारा. नळीत जोरात फुंकायची ही काही मिनिटांची तपासणी आहे. अरुंद झालेली श्वासनलिका पूर्ववत होत नाही, पण आजार लवकर कळला आणि धूर थांबला तर उरलेला श्वास वाचवता येतो.