किंचाळणारे ब्रेक
मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील पलसाण्यास एखादी स्पोर्ट्स कार दिमाखाने येते आणि थांबताना किंचाळते, तेव्हा ट्रकवालेही मान वळवून पाहतात. १९५३ साली ल मांच्या शर्यतीत जग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर बाजी मारली. तेव्हापासून हे ब्रेक वेगवान गाड्यांचे भूषण ठरले. यात चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी दोन पॅड चिमटीत धरतात. पॅड क्षणभर चिकटतो, क्षणभर सुटतो. त्या कंपनाने तबकडी थाळीसारखी वाजू लागते.

पावसाळ्यात चढलेल्या गंजाचा आवाज दोन-चारदा ब्रेक दाबताच जातो. तो टिकला तर मात्र चाक उतरवून पॅडची जाडी पाहावी. अनेक पॅडना मुद्दाम एक पोलादी पट्टी लावलेली असते. पॅड झिजला की ती तबकडीला घासून ओरडते. मग पॅड बदलणे हाच इलाज. जाडी पुरेशी असल्यास कॅलिपरच्या सरकत्या पिना स्वच्छ करून त्यांना उष्णता सोसणारे ब्रेकचे ग्रीस द्यावे आणि पॅडच्या पाठीचे पातळ पत्रे नीट बसवावेत.

आवाज थांबावा म्हणून तबकडीवर तेल सोडणारे महाभागही आढळतात. आवाज जातो, पण ब्रेकही जातो! तेल प्यायलेला पॅड पुसून वापरू नये. तबकडी स्वच्छ करून त्या जोडीतील दोन्ही चाकांचे पॅड नवे घालावेत.