घरगुती चित्रफीत

छायाचित्रात गेलेले माणूस दिसते. परंतु ते चालताना, हसताना दिसावे, ही इच्छा चित्रफीतच पुरवू शकते. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यापूर्वी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चित्राने टिपली होती. घरी बसून केलेल्या चित्रणाचा याहून सुंदर दाखला आम्हांस ठाऊक नाही.

त्या काळची नायट्रेटची फीत मात्र झटकन पेट घेई. १९२३ साली १६ मिलिमीटरची न भडकणारी ॲसिटेटची फीत व १९३२ साली ८ मिलिमीटरची फीत निघाली, तेव्हा हे काम हौशी गृहस्थांच्या आवाक्यात आले. ८ मिलिमीटरची युक्ती मोठी मौजेची. २५ फूट फीत आधी एका कडेने, मग उलटवून दुसऱ्या कडेने वापरावयाची. धुतल्यावर मधोमध चिरून जोडली की ५० फूट होते. सेकंदास १६ चित्रे या मानाने तीत जेमतेम चार मिनिटे मावत. एवढ्यात लग्नसोहळा बसविणारा गृहस्थ खराच काटकसरी!

सोमेश्वरनगराकडील कोणाच्या माळ्यावर अशी रिळे असतील, तर त्यांनी ती आधी हुंगून पाहावी. उष्म्याने व दमटपणाने ॲसिटेट कुजते, त्यास शिरक्यासारखा आंबट वास येतो, आणि ती वाफ शेजारच्या रिळांसही नासविते. असे रीळ वेगळे काढून थंड, कोरड्या जागी ठेवावे. ते यंत्रावर मात्र चढवू नये. आकसलेल्या फितीची भोके दात्यांत अडकून ती फाटते. जाणत्याकडून तिची नक्कल उतरवून घ्यावी.