दोन एअरलाइन्स एक झाल्या, मग पायलटचं काय होतं?

१२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. आपल्यासाठी बदल एवढाच, की तिकिटावरचा 'यूके' हा कोड जाऊन 'एआय' आला. पण कॉकपिटमध्ये बसणाऱ्याचं काय? आजच्या भागात तेच समजून घेऊया.

पहिली गोष्ट. पायलटला कुठलंही विमान उडवता येत नाही. प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी वेगळं 'टाइप रेटिंग' लागतं, म्हणजे वर्ग, सिम्युलेटर आणि परीक्षा. एअरबस ए-३१९, ३२० आणि ३२१ एकाच रेटिंगमध्ये बसतात. बोइंग ७८७ ड्रीमलायनर मात्र वेगळं. म्हणजे कंपन्या कागदावर एका दिवसात एक होतात, पण पायलट एका ताफ्यातून दुसऱ्या ताफ्यात एका दिवसात जाऊ शकत नाही. आणि विमान तेच असलं तरी दोन कंपन्यांची काम करायची पद्धत वेगळी असते. शेजारी बसलेला सहकारी दुसऱ्या कंपनीतून आलेला असेल, तर दोघांची चेकलिस्ट शब्दन् शब्द जुळायला हवी.

दुसरी गोष्ट रूटची. छोटं विमान म्हणजे दिवसाला तीन-चार फेऱ्या. मोठं विमान म्हणजे लांबचा पल्ला, परदेशात मुक्काम, वेगळे भत्ते. आता बघा, दिल्ली-लंडन आणि मुंबई-लंडन हे रूट दोन्ही कंपन्या चालवत होत्या. असे रूट एकत्र आले की वेळापत्रक नव्याने मांडावं लागतं. त्यावरच पायलटचे तास ठरतात, आणि पगाराचा मोठा भाग तासांवर असतो. एप्रिल २०२४ मध्ये विस्ताराची बरीच उड्डाणं रद्द झाली, आठवतंय? पायलटच्या नव्या करारात हमीचे तास महिन्याला ७० वरून ४० वर आले होते. नाराजीचं ते मोठं कारण होतं.

पण सगळ्यात नाजूक गोष्ट तिसरी: सिनियॉरिटी. कॅप्टन कधी होणार, मोठं विमान कधी मिळणार, हे त्या यादीतल्या नंबरवर ठरतं. समजा, एका कंपनीत सहा वर्षांत कॅप्टन होता येतं आणि दुसरीत दहा. मग याद्या जोडायच्या कशा? रुजू झाल्याच्या तारखेनुसार, की हुद्द्यानुसार? कसंही करा, कुणीतरी खाली सरकणारच.

हे आपल्याकडे आधीही घडलंय. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. एकीकडे मुख्यतः बोइंग, दुसरीकडे एअरबस. ड्रीमलायनरची ऑर्डर मूळ एअर इंडियाची, मग त्याचं प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या पायलटना का, असा वाद पेटला. न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला, तरी त्याच वर्षी मे महिन्यात एअर इंडियाच्या पायलटनी संप केला. तो ५८ दिवस चालला. विलीनीकरणाला तेव्हा जवळपास पाच वर्षं होत आली होती!

म्हणून मंडळी, विमानाला नवा रंग लागला म्हणजे विलीनीकरण झालं असं समजू नका. कॉकपिटमधल्या दोघांना यादीतली आपली जागा न्याय्य वाटेल, तेव्हा ते खरं पूर्ण होतं.

तुमच्या ओळखीत कुणी पायलट असेल तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात!