गर्भधारणा, पहिले शील आणि समाजाचे उत्तरदायित्व

बार्शी-सोलापूर रस्त्यावरील वैराग येथे वर्षावासातील एका प्रवचनात आम्ही पंचशीलाचे विवरण करीत होतो. प्रवचन संपल्यावर एक वृद्ध उपासिका मागे थांबली. तिची सून दरवर्षी उसाच्या तोडीला जाते. टोळी निघण्याच्या सुमारास सुनेला दिवस गेल्याचे कळले होते आणि मुकादमाकडून घेतलेली उचल तर आधीच खर्च झालेली होती. “पोट पाडलं तर पहिलं शील मोडतं का? आणि मोडलं, तर ते कुणाचं?” असे तिने विचारले. प्रश्नाचा पूर्वार्ध आम्हांस अपरिचित नव्हता. उत्तरार्धाने मात्र आम्ही अंतर्मुख झालो. त्या उत्तरार्धाचा विचार करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ग्रंथांची साक्ष पाहू. विनयपिटकातील तिसरा पाराजिक नियम मनुष्यवधाविषयी आहे आणि भिक्खूने गर्भपात घडवून आणणे हेही त्याच नियमात येते. मज्झिम निकायातील महातण्हासंखय सुत्तात गर्भधारणेसाठी मातापित्यांचा संयोग, मातेचा ऋतुकाल आणि गंधब्बाची उपस्थिती अशा तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. बौद्ध परंपरा गर्भाला क्षुल्लक लेखत नाही, हे यावरून स्पष्ट होते. ही बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

परंतु तेवढ्यावर निवाडा देऊन मोकळे होणे हेही धम्माला धरून होणार नाही. विनयाचा नियम भिक्खुसंघासाठी आहे. उपासकाचे शील हे शिक्षापद आहे. ते स्वतःहून स्वीकारावयाचे असते, वरून लादलेली ती आज्ञा नव्हे. शिवाय तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत पाहिले. म्हणून कृती कोणती, एवढेच विचारून भागत नाही. ती कोणत्या हेतूने आणि कोणत्या परिस्थितीत घडली, हेही विचारावे लागते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना हाच भेद अधिक स्पष्ट केला आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे. नियम माणसाला जखडतो, तत्त्व त्याला विवेकाने वागण्याची मोकळीक देते, अशी त्यांची मांडणी आहे. तेथे गर्भपाताचा विषय नाही. परंतु तोच निकष येथेही लावला पाहिजे, असे आमचे मत आहे. आणि तो लावला, की दुसरा प्रश्न आपोआप उभा राहतो: ही गरज निर्माण कोणी केली?

ऊसतोडीत पती-पत्नी मिळून एक कोयता धरला जातो. उचल जोडीच्या नावे दिली जाते आणि व्यवहार बहुधा पुरुषाच्या हाती राहतो. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीत चढतो. पहाटे उठून ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहून गाडीत चढवणे, आणि रात्री पाण्याची वा शौचालयाची सोय नसलेल्या कोपीत विसावणे, असा हा दिनक्रम आहे. पाळी, गर्भारपण आणि बाळंतपण या तिन्ही गोष्टी या हिशोबात केवळ खाडे ठरतात. मग ‘पिशवी काढून टाकण्याचा’ सल्ला तिला सोयीचा वाटू लागला, तर नवल ते काय? बीड जिल्ह्यातील या प्रकारांची २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने चौकशी केली. पाहणीतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे साधारणपणे सहांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटासाठी हेच प्रमाण देशात शेकडा सुमारे तीन होते. या निवडीला स्वेच्छा म्हणावे काय, याचा वाचकांनीच विचार करावा.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. पाच अपत्यांपैकी चार अपत्यांचा वियोग सोसलेल्या या पित्याने १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यासाठीचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठराव फेटाळला गेला. परंतु मूल केव्हा हवे आणि किती हवीत या प्रश्नात स्त्रीच्या आरोग्याला व इच्छेला स्थान आहे, हे त्या सभागृहात मांडले गेले.

१९६१ साली केंद्राचा प्रसूतिलाभ कायदा झाला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पण ही रजा मिळवण्यासाठी आस्थापनेच्या हजेरीपटावर नाव असावे लागते. जिचे श्रम कोयत्यात अर्धे मोजले जातात आणि जिचे नाव कोठेच लिहिले जात नाही, तिने ही रजा कोणाकडे मागावी?

येथे आणखी एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची संमती पुरेशी आहे. पतीच्या संमतीची अट नाही. २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही त्या कक्षेत आणले. गर्भलिंगनिदान ही मात्र सर्वस्वी निराळी बाब आहे. त्याला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम १९८८ साली केला आणि केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली. बीड जिल्ह्यात ती ८०७ झाली. एका ठिकाणी स्त्री आपल्या देहाविषयी निर्णय घेते. दुसऱ्या ठिकाणी स्त्री म्हणून जन्मणेच नाकारले जाते. पहिल्यात गरज असू शकते, दुसऱ्यात केवळ भेदभाव असतो. कन्या झाली म्हणून खिन्न झालेल्या पसेनदी राजाला, कन्या पुत्राहूनही श्रेष्ठ निघू शकते, असे तथागतांनी सांगितल्याचे संयुत्त निकायात नमूद आहे. ज्या घरात त्रिशरण म्हटले जाते, त्या घरात तरी या उपदेशाचा विसर पडू नये.

आता उपासिकेच्या प्रश्नाकडे वळू. शील मोडले की नाही, याचा निवाडा त्या सुनेवर लादण्याचा अधिकार आम्हांस नाही. तो निर्णय तिने आपल्या विवेकाने आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाचा आहे. परंतु ज्यांनी तिचा गर्भ खाड्यात मोजला, आणि ज्यांनी हे पाहूनही केवळ पंचशील म्हणून घेतले, त्या सर्वांकडे या कर्माचा वाटा जातो. त्यात आम्हीही आलो.

अंगुलिमाल सुत्तातील प्रसंग येथे आठवतो. प्रसूतिवेदनांनी तळमळणारी स्त्री पाहून व्यथित झालेल्या अंगुलिमालाला तथागतांनी तिच्याकडेच परत पाठवले. विहारांनीही तेच करावे. टोळ्या निघण्यापूर्वी वस्तीतील गरोदर स्त्रियांची आशाताईंकडे नोंद झाली आहे काय, तपासणीचे कार्ड त्यांच्यासोबत आहे काय, उचलीच्या चिठ्ठीवर त्यांचे स्वतःचे नाव आहे काय, एवढे तरी उपासक-उपासिकांनी घरोघर जाऊन पाहावे. पहिल्या शीलाचे पालन तेथूनच सुरू होते.