ताक्यातला डाग आधी दाखवा
घरसेवा ब्युरोच्या व्हिडिओबद्दल चार गोष्टी

आमचा धंदा कापडाचा. कॅमेऱ्याशी आमचा संबंध लग्नाच्या व्हिडिओपुरताच. तरीही रुग्णाच्या घरी राहून सेवा करणाऱ्या आया आणि वॉर्डबॉय मिळवण्यासाठी व्हिडिओ कसा करावा, यावर आज लिहीत आहोत. कारण या कारोबारात आमच्या घरच्यांनीच ठेच खाल्ली आहे.

आमच्या भाच्याने मुंब्र्यात असा ब्युरो काढला. माणसे मिळावीत म्हणून मोबाईलवर व्हिडिओ केला. मागे गाणे, चकचकीत घर, पांढरा कोट घातलेली हसरी मुलगी आणि खाली मोठ्या अक्षरांत 'सोपे काम, भरपूर पगार'. फोन दिवसभर वाजत राहिले. पण कामावर गेलेल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त आठवड्यातच परतल्या. एक तर पहाटे कोणाला न सांगता निघून गेली. घरात अर्धांगवायू झालेली म्हातारी एकटी, मुलगा रात्रपाळीला. तो सकाळी आला तेव्हा आई ओल्या अंथरुणात पडलेली होती. त्याने भाच्याला जे ऐकवले, त्यात खोटे काही नव्हते.

आम्ही त्या बाईलाच दोष देत होतो. भेटल्यावर कळले की डायपर बदलावे लागते, रात्री तीनदा उठावे लागते आणि झोपायला स्वयंपाकघरातली फरशी आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

भाचा म्हणाला, "मामू, सगळे खरे सांगितले तर येणार कोण?"

आम्ही म्हणालो, "बेटा, ताक्यातला डाग दुकानात दाखवला तर गिऱ्हाईक विचार करून घेते. तोच डाग घरी दिसला तर ताकाही परत येतो आणि गिऱ्हाईकही जाते."

दुसरा व्हिडिओ सव्वा मिनिटाचा केला. त्यात बोलली सहा वर्षे हे काम करणारी एक खाला, स्वतःच्या रोजच्या बोलीत. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे तिने करून दाखवले. रुग्ण म्हणून खाटेवर आमचा धाकटा मुलगा झोपला. मग तिने पगाराचा आकडा आणि तारीख, ब्युरोचे कमिशन, आठवड्याची सुट्टी, झोपण्याची जागा, नमाजचा वेळ सांगितला. घरच्या इतरांचा स्वयंपाक आणि धुणीभांडी तिच्या कामात नाहीत, हेही सांगितले. बहुतेक भांडणे इथूनच सुरू होतात.

आता व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली : महागड्या कॅमेऱ्याची गरज नाही. खिडकीचा उजेड तोंडावर घ्या, पंखा आणि टीव्ही बंद ठेवा. अनेक बायकांना वाचता येत नाही, म्हणून मजकूर लिहून न थांबता बोलून सांगा.

दुसरी : खऱ्या रुग्णाचे चित्रण टाळा. ज्या म्हातारीची स्मृती गेली, ती परवानगी देणार कशी? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पायाही संमती हाच आहे. बोलणाऱ्या बाईचीही लेखी संमती घ्या आणि ती म्हणेल तेव्हा व्हिडिओ काढून टाका.

तिसरी : लबाड लोक असे व्हिडिओ कापून खाली स्वतःचा नंबर टाकतात आणि गरजूंकडून पैसे उकळतात. म्हणून ब्युरोचे नाव आणि पत्ता शेवटपर्यंत पडद्यावर ठेवा. 'कामासाठी बाईकडून आगाऊ पैसे घेत नाही' हे तोंडाने सांगा, आणि तसेच वागा.

चौथी : बाई परक्या घरात रात्र काढणार आहे. त्रास झाला तर कोणाला फोन करायचा, ते व्हिडिओतच सांगा. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तिला तक्रार करता येते.

दुसऱ्या व्हिडिओवर फोन कमी आले. पण ज्या आल्या त्या पगाराबरोबर रुग्णाचे वजन विचारत होत्या, उचलायला दुसरे कोणी आहे का विचारत होत्या. त्यांतलीच एक आज त्या म्हातारीकडे आहे. चौथा महिना चालू आहे, आणि मुलगा रात्रपाळीला निश्चिंत जातो.