नवीन ट्रॅक्टरचा रंग आणि आपल्याकडची पांढरी धूळ



दसरा-दिवाळीला आपल्या कोरपना तालुक्यात बरेच नवीन ट्रॅक्टर आणि मोटारसायकली येतात. ऑइल कधी बदलायचं, पहिली सर्व्हिसिंग कधी, हे शोरूमवाले नीट सांगतात. रंगाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. ट्रॅक्टरचं कर्ज पाच-सात वर्षं चालतं. तो विकायला किंवा बदलायला नेला, की समोरच्याची पहिली नजर पत्र्यावर जाते. इंजिन कितीही ठणठणीत असो, बोनेट पांढुरकं आणि मडगार्डच्या कडेला गंज दिसला, की तो भाव तोडतो. म्हणून आजचा मेसेज रंगावर.

*आपल्याकडे वेगळं काय?*

आपल्या जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे, म्हणूनच गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा इथं सिमेंटचे कारखाने आले. रस्त्यावर ट्रकांची रांग असते आणि धूळही त्याच जातीची. हा चुना गाडीवर दोन वाटांनी येतो. एक वरून, धुळीतून. दुसरी वाट लक्षात येत नाही, ती बोअरच्या पाण्याची. पाणी जड असलं की गाडी धुऊन उन्हात तशीच वाळू दिली तर पांढरे डाग राहतात. घरच्या हंड्याला आतून जो पांढरा थर बसतो, तोच हा.

सिमेंटची धूळ कोरडी असेपर्यंत साधी धूळच असते. तिला ओल लागली की मात्र ती आपलं काम सुरू करते, म्हणजे घट्ट होते. हिवाळ्यात रात्री दव पडतं आणि सकाळच्या उन्हात ते सुकतं. असं आठ-पंधरा दिवस चाललं की पत्र्यावर हाताला खरखरीत लागणारे ठिपके तयार होतात. शिवाय ओलं सिमेंट चुन्यासारखंच दाहक असतं. ते रंगाची चमक खातं.

आता आपली सगळ्यात वाईट सवय सांगतो. सकाळी उठायचं, खांद्यावरचं फडकं घ्यायचं आणि दवावरच ट्रॅक्टर पुसून काढायचा. गाडी स्वच्छ दिसते, पण आपण तिला पॉलिश पेपरच मारलेला असतो, राजेहो. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 मायक्रॉन भरतात, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. त्यातून रोज किती घासून काढणार?

*धुवायचं कसं*

आधी भरपूर पाणी सोडा, फडकं नाही. वरून खाली, छतापासून चाकापर्यंत धूळ वाहून जाऊ द्या. मग बादलीत गाडीचा शॅम्पू आणि मऊ कापड घ्या. दुसऱ्या बादलीत साधं पाणी ठेवा आणि कापड दर वेळी त्यात खंगाळून मगच शॅम्पूत बुडवा, नाहीतर तीच रेती परत पत्र्यावर फिरते. कपडे धुण्याचा सोडा-पावडर वापरू नका, त्यानं मेण निघून जातं. धुऊन झालं की सावलीत लगेच कोरडं पुसा. बोअरच्या पाण्याचे डाग टाळायचा हाच एक उपाय. गाडी तापलेली असताना धुवू नका. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पत्र्याला हात लावता येत नाही, तेव्हा सकाळीच उरकून घ्या.

ठिपके आधीच घट्ट बसले असतील तर नखानं, ब्लेडनं खरवडू नका. किराणा दुकानात मिळणारं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळा, कापड भिजवून ठिपक्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा. चुना आंबट पदार्थात विरघळतो. मग भरपूर पाण्यानं धुवा. आधी कुठंतरी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा. एकदा न गेलं तर दोनदा करा. काही जण याच कामाला संडास धुवायचं ॲसिड वापरतात. त्यानं ठिपका जातो, पण ते सांध्यात उतरून पत्रा आतून खातं. ते अजिबात नको.

*डिझेलचं पोतेरं*

हे तर गावोगावी चालतं. डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं फिरवलं की ट्रॅक्टर शोरूममधून आल्यासारखा चमकतो. ती चमक दोन तासांची. त्यानंतर तेलकट पत्र्यावर धूळ अशी चिकटते की निघता निघत नाही, आणि रबरी पाइप, सील, वायरीवरचं कव्हर यांना डिझेल सोसत नाही. चमकच हवी असेल तर मेणाचं पॉलिश लावा. दुकानात मागताना ‘वॅक्स’ म्हणा. ‘रबिंग कंपाउंड’ वेगळं असतं. ते रंगाचा थर घासून काढतं, वॅक्स वरून थर देतं. नव्या गाडीला कंपाउंडची गरज नाही.

कंपनीचा रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, त्यामुळे नव्या ट्रॅक्टरला वॅक्स पहिल्याच आठवड्यात लावता येतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदमळणी करतोच, तशी ट्रॅक्टरचीही वर्षातून दोनदा करा: मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर, दव सुरू व्हायच्या वेळेला. शोरूममध्ये कोटिंगसाठी वरून पैसे मागतात. आमचं मत विचाराल तर शेतात राबणाऱ्या ट्रॅक्टरला ते नको. काही शे रुपयांचा वॅक्सचा डबा पुरतो.

*ट्रॉलीचं गणित उलटं आहे*

ट्रॉली आपण गावाजवळच्या वर्कशॉपमध्ये बनवून घेतो. तिचा रंग भट्टीतला नसतो, हवेत सुकणारा असतो. तो दुसऱ्या दिवशी हाताला लागत नाही, पण आतून कडक व्हायला काही आठवडे घेतो. निदान महिनाभर तिला वॅक्स, व्हिनेगर काही लावू नका. जमलं तर गिट्टी, शेणखतही नको. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रंग मारण्याआधी एकदा वर्कशॉपला जाऊन या. वेल्डिंगच्या सांध्यावरचा गंज घासला का, रेड ऑक्साइडचा हात खालच्या बाजूनंही मारला का, हे डोळ्यांनी बघा. वरून निळा-लाल रंग चढला की मग काही कळत नाही.

खत वाहून झालं की त्याच दिवशी ट्रॉली धुवा. फुटलेल्या पोत्यातला युरिया, पोटॅश हवेतली ओल ओढून घेतात आणि पत्र्यावर खारट पाण्यासारखे बसून राहतात. फवारणीचा पंप ट्रॅक्टरला जोडत असाल तर तेच. काम संपलं की साध्या पाण्यानं धुणं, उद्यावर नाही.

*पूजा, झाकण, सावली*

पूजा जोरात करा. फक्त हाराची तार बोनेटवर घासणार नाही असं बांधा, अगरबत्ती पत्र्याच्या फटीत खोचू नका आणि हळद-कुंकू, नारळाचं पाणी संध्याकाळपर्यंत धुऊन टाका. हळदीचा डाग पांढऱ्या रंगावर बसला की लवकर जात नाही.

झाकायला प्लॅस्टिकची ताडपत्री नको. आत ओल कोंडते आणि वाऱ्यानं फडफडून ती धुळीसकट घासते. जाड सुती कापड चालेल, तेही गाडी धुतल्यावरच. शेडला रस्त्याच्या किंवा वाऱ्याच्या बाजूनं आडोसा केला तर निम्मं काम होतं. बगळे बसणाऱ्या चिंचेखाली, आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली गाडी उभी करू नका. पक्ष्यांची विष्ठा तिखट असते आणि मोहफुलांचा गोड चिकटा उन्हात वाळून बसतो. पडलंच तर ओलं कापड ठेवून मऊ करा, मग उचला.

*वॉरंटी पुस्तिका* एकदा उघडून बघा. बाहेरून पडणारी धूळ, रसायनं, विष्ठा यानं खराब झालेला रंग बऱ्याच कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. म्हणून गाडी ताब्यात घेताना ती दिवसाउजेडी घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा आणि ओरखडा असेल तर तो तिथंच लिहून घ्या.

पुढं काट्याकुट्यानं ओरखडा आला आणि लोखंड दिसलं, तर पावसाची वाट पाहू नका. पुसून, कोरडं करून त्याच रंगाचा टच-अप लावा. डबी घेताना रंगाचा नंबर लागतो, तो शोरूममधून आताच लिहून आणा आणि आरसी बुकाच्या पाकिटात ठेवा.