दाढ काढल्यावर चूळ नको

दाढ काढली की जबड्याच्या हाडात मुळांच्या जागी खळगा उरतो. त्यात रक्त साकळून गुठळी बनते. उघड्या पडलेल्या हाडावर आणि नसांच्या टोकांवर तेवढेच झाकण असते, आणि जखम भरणारी नवी ऊती तिच्याच आधाराने आत वाढते. घरोघरी नेमकी हीच गुठळी घाण समजून धुऊन टाकली जाते.

‘रक्त येतंय ना, मग मिठाच्या पाण्याने खळखळून चुळा भर’ हा सल्ला रुग्ण घरी पोचताच मिळतो. देणाऱ्याची माया खरी असते, पण पहिल्या दिवशी हा सल्ला साफ चुकीचा आहे. जोरात चूळ भरली, सारखे थुंकले किंवा स्ट्रॉने ओढून प्यायले, की गुठळी सुटू शकते. पुन्हा रक्त येते आणि ते पाहून पुन्हा चूळ भरली जाते! वास्तविक थेंबभर रक्तानेही तोंडातली सगळी लाळ लाल दिसते. रक्त थांबते ते दाबाने. गॉजचा बोळा खळग्यावर ठेवून अर्धा तास दातांत घट्ट धरायचा, मधे काढून बघायचे नाही आणि लाळ गिळायची. ब्रिटनची आरोग्यसेवा ‘एनएचएस’सुद्धा पहिले २४ तास चूळ भरू नये असेच सांगते. मिठाच्या कोमट पाण्याला विरोध नाही. ते दुसऱ्या दिवसापासून, हलक्या हाताने.

गुठळी टिकली नाही तर ‘ड्राय सॉकेट’ होते. दुखणे उतरणीला लागायच्या वेळी, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, कानापर्यंत कळा जातात. साधी दाढ काढल्यावर हे शंभरात एक ते पाच जणांना होते, खालच्या अक्कलदाढेनंतर बरेच जास्त. धूम्रपानाने हा धोका वाढतो. दुखऱ्या जागी तंबाखूची मिश्री लावून ‘बरे वाटते’ म्हणणाऱ्यांनी ती जखमेच्या वाटेला मुळीच नेऊ नये. डेंटिस्ट ड्राय सॉकेटमध्ये लवंगतेलाची औषधी पट्टी भरतात, पण म्हणून ताज्या खळग्यात घरची लवंग कोंबणेही बरोबर नाही.

खळग्यावरचा पांढरट-पिवळसर थर बहुधा पू नसतो, बऱ्या होणाऱ्या जखमेचा तो भाग असतो, खरवडू नये. वरची दाढ काढल्याने नजर जात नाही: दातांची आणि दृष्टीची नस वेगवेगळी आहे. गालावर पहिल्या दिवशी शेक नको, बर्फ हवा. रक्त पातळ करणारी गोळी दाढ काढण्याआधी किंवा नंतर आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. हृदयरुग्णाच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकते. आणि बाकीचे दात घासणे थांबवायचे नसते, फक्त जखमेची जागा टाळायची.

हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटते, हाड भरायला काही महिने लागतात. मात्र दाब देऊनही रक्त थांबत नसेल, ताप आला, सूज तिसऱ्या दिवसानंतरही वाढत राहिली किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.